मोकळ्या रक्ताची बाटली

बाबांनी बाटली आडवी केली आणि हॉलमधल्या साठ-सत्तर माणसांनी श्वास रोखला. बोटभर लांबीची बाटली, तोंडाला कापसाचा बोळा. आतलं रक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलं आणि सावकाश परत आलं.

"वाहतंय," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. तो शब्द कुजबुजत मागच्या भिंतीपर्यंत आला. खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. ते रक्त त्यांचं होतं.

"सात दिवसांपूर्वी हीच बाटली उलटी केली होती," बाबा म्हणाले. "तेव्हा थेंब तरी हलला होता का?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली. नव्हता.

"बांधलेलं होतं. कुणी बांधलं ते मी सांगणार नाही, घरात भांडणं नकोत. पण आता मोकळं झालं. डॉक्टर रक्त तपासतात, मी रक्ताशी बोलतो. तपासून रोग कळतो, बोलून तो जातो."

आवाज असा की लोणी लावलेला पाव. मी शेवटच्या रांगेमागे दाराला टेकून उभी होते. पुढचा नंबर माझ्या वहिनीचा होता.

मी रक्त काढते. बावीस वर्षं तेच करते, इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. आमच्या गल्लीत मला डासबाई म्हणतात, माझ्यासमोरसुद्धा. वहिनीचं आतड्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर मानेत जाड नळी होती आणि ताप काही उतरेना, तेव्हा तिचं रक्त मीच काढलं. अंगावरची बुरशी खाजवते, दिसते, मलमाने जाते. रक्तातली बुरशी दिसत नाही. ती शोधायची तर कातडी नीट पुसायची, औषध पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, दोन्ही दंडांतून वेगवेगळं रक्त घ्यायचं, बाटली खुणेपर्यंत भरायची, नाव पेशंटच्या उशाशीच लिहायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, लगेच खालच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. एवढं सगळं करून मग वाट बघायची. दुसऱ्या दिवशी खालून फोन आला. बाटलीत बुरशी वाढली होती.

सलाइनमधून औषध सुरू झालं. दर एक-दोन दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं, आणि ते स्वच्छ आल्यावरही औषध दोन आठवडे चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी दादाला दोनदा बजावलं. सहाव्या दिवशी दादा तिला सही करून घरी घेऊन गेला. ताप उतरला होता ना. आणि बाबांचा पत्ता त्याला लिफ्टच्या रांगेत मिळाला होता.

पहिल्या भेटीत वहिनीचं रक्त बाटलीत घट्ट बसलं. बाबांनी सात बैठका सांगितल्या, औषध बंद करायला सांगितलं. आज सातवी. आज रक्त वाहिलं तर इस्पितळाचं नाव काढायचं नाही, असं दादाने मला फोनवर ऐकवलं. काल वहिनी म्हणाली, "वन्सं, डाव्या डोळ्यापुढे माशी फिरतेय. हाकलली तरी जात नाही." मी रात्रभर झोपले नाही. ही बुरशी डोळ्यात उतरते, हे दादाला माहीत नव्हतं. मला होतं.

वहिनी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा तापाने परत लाल झाला होता, आणि दादा म्हणत होता की हे रक्त मोकळं होण्याचं लक्षण आहे. पांढरी साडी नेसलेली शिष्या तोंडावर पदर घेऊन पुढे आली. तिने सिरिंजने रक्त घेतलं, ट्रेमधली एक रिकामी बाटली उचलली, रक्त आत सोडलं, बोळा लावला. मग ती बाटली हळूच उलटी केली, सुलटी केली. पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. आठ वेळा.

"आशीर्वाद देतेय," शेजारची बाई मला म्हणाली.

मी त्या मनगटाकडे बघत राहिले. आपटायचं नाही, हलवायचं नाही, झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तसं वळवायचं. असं मी शिकवते. गेल्या वर्षापर्यंत माझ्या हाताखाली एक मुलगी होती. हात चांगला होता, फक्त नावाच्या चिठ्ठ्या घाईत लावायची, म्हणून तिला काढलं. जाताना तिने मुदत संपलेल्या बाटल्यांचं खोकं मागितलं होतं. भाचीला खेळायला, म्हणाली. टाकूनच द्यायच्या होत्या. मी दिल्या.

पदराआडची शिष्या म्हणजे तीच मुलगी होती. माझ्या हातून गेलेल्या बाटल्यांनी माझी वहिनी मरणार होती.

मी रांगांमधून पुढे गेले. दादा उठला. "तू इथे तमाशा करणार नाहीस."

"नाही करत. मलाही रक्त दाखवायचंय."

बाबांनी हसून हात पुढे केला. "या ना, ताई. शंका घेऊन आलेली माणसं मला आवडतात. पण पहिल्या भेटीत मोकळं होत नाही हं."

"नाही झालं तर नाही. फक्त ज्या खोक्यातून वहिनींना बाटली दिली, त्यातली एक मला द्या. आणि पहिल्या भेटीच्या खोक्यातली एक."

हसू तसंच राहिलं, पण शिष्येचा हात ट्रेवर थांबला.

"बाटल्या सगळ्या सारख्याच आहेत," बाबा म्हणाले.

"मग घेऊ द्या की," मागून तेच रडणारे म्हातारे म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना आणखी एक चमत्कार बघायचा होता.

शिष्या माझं रक्त घ्यायला तयार होईना. मी दोन्ही खोक्यांतली एकेक बाटली उचलली, पिशवीतून माझं सामान काढलं, पट्टा दाताने ओढून दंडाला बांधला आणि उजव्या हाताने डाव्या हातातून स्वतःचं रक्त काढलं. अर्धं रक्त पहिल्या भेटीच्या बाटलीत सोडलं, अर्धं वहिनीसारख्या दुसऱ्या बाटलीत. दोन्ही आठ-आठ वेळा वळवल्या. दोन्ही टेबलावर ठेवल्या.

"आता वीस मिनिटं. कुणी मंत्र म्हणू नका, माझ्यावर कृपा करू नका."

बाबा मात्र बोलत राहिले. काही शरीरं हट्टी असतात, काही लोकांची सावली जड असते, अशा बाईने हात लावलेलं रक्त खोटं बोलतं. मी घड्याळाकडे बघत होते. वहिनी डाव्या डोळ्यापुढून हात फिरवत होती, एकदा, दोनदा, आणि मला ती वीस मिनिटं जन्मभर पुरतील इतकी लांब वाटली.

वेळ झाल्यावर मी बाटल्या म्हाताऱ्यांच्या हातात दिल्या. "तुम्हीच उलटवून बघा."

पहिलीतलं रक्त गोळा होऊन तळाशी बसलं होतं. दुसरीतलं वाहत होतं.

"एकाच हाताचं, एकाच सुईचं रक्त आहे," मी म्हणाले. "मग एक बांधलेलं आणि एक मोकळं कसं? रक्त आपोआप गोठतं, गोठायलाच हवं. भाजी चिरताना बोट कापलं की रक्त थांबतं, ते याचमुळे. तुमचं पहिल्या दिवशीचं रक्त चांगलं होतं, आजोबा. दुसरी बाटली रिकामी नाही. तिच्या आतून औषधाचा इतका पातळ थर दिलेला असतो की डोळ्याला दिसत नाही. त्याने रक्त गोठत नाही. पेशी मोजायच्या असल्या की आम्ही हीच बाटली वापरतो. तिला जांभळं झाकण असतं, इथे ते काढून कापूस लावलाय. बाहेरून बोट फिरवा, चिठ्ठी सोलल्याचा डिंक अजून चिकट लागेल."

म्हाताऱ्यांनी बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"हिला कसं माहीत?" कुणीतरी विचारलं.

"कारण बाटल्या माझ्या आहेत. मीच दिल्या," मी म्हणाले. ते बोलताना मला भयंकर लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

शिष्येने पदर खाली घेतला. "मॅडम, मला फक्त रक्त काढायचं काम दिलं होतं," ती म्हणाली. "लोक बरे होतात असं ते सांगायचे." तोवर बाबांची खुर्ची रिकामी झाली होती. मागचं दार उघडं होतं.

दादा बाटली हातात धरून उभा होता, वहिनीची, वाहणारी. वहिनीच उठली. "वन्सं, गाडी बोलवा," ती म्हणाली. "माशी मोठी झालीय."

त्याच दुपारी मी तिचं रक्त काढलं. कातडी पुसली, वाळू दिली, दोन्ही दंड, खुणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी खालून फोन आला. बाटलीत बुरशी वाढली होती, पहिल्यापेक्षा लवकर. दादाने बाबांची ती बाटली वहिनीच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवली होती. तिच्यातलं रक्त अजून छान वाहत होतं.

वहिनी वाचली. बारा दिवसांनी रक्त स्वच्छ आलं, डोळ्यात सुया घ्याव्या लागल्या, औषध दीड महिना चाललं. डाव्या डोळ्याने तिला आता दिव्याचा उजेड तेवढा कळतो. दवाखान्यातून पळवलेल्या त्या सात दिवसांची ती किंमत आहे, आणि त्यातला माझा वाटा मी विसरणार नाही. मुदत संपलेली प्रत्येक बाटली आता माझ्यासमोर नष्ट होते.

परवा ती तपासणीला आली होती. मी पट्टा बांधला, बाटली उचलली, तर तिने माझा हात धरला.

"थांबा, वन्सं. या बाटलीत आधीपासून काय आहे?"

बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. मी बाटली उजेडात धरली आणि तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, मग दंड पुढे केला. तुम्हीही विचारा. मला विचारा, डॉक्टरांना विचारा, आणि बाटली हातात धरून कुणी चमत्कार दाखवत असेल तर त्याला सगळ्यात आधी विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याला प्रश्नाचा राग येत नाही.