तिरका दात

"आजीचं नाक एवढं मोठं नव्हतं," नात म्हणाली आणि मेणाच्या नाकाचा अर्धा तुकडा तोडून तिने कानाला चिकटवला.

"अगं, आता कान मोठे झाले की!" आजोबा म्हणाले.

"होऊ दे. ऐकू येईल तिला."

चाळीस वर्षं आजोबांनी कवळ्या बनवल्या होत्या. माणसाच्या तोंडावर दातांखेरीज आणखीही काही असतं, याकडे त्यांचं फारसं लक्षच गेलं नव्हतं. आजीला जाऊन तीन महिने झाले होते आणि आज पाच वर्षांच्या नातीने हट्ट धरला, आजी करायची. कवळीच्या गुलाबी मेणाला घरात तोटा नव्हता. नाक, कान, डोळे नातीकडे. दात अर्थातच आजोबांकडे.

त्यांनी चष्मा पुसला आणि चिमट्याने एकेक दात मेणात बसवला. वरच्या रांगेतला पुढचा एक जरा तिरका, शेजारच्यावर किंचित चढलेला. तरुणपणी आजी हसली की आधी तोच दिसायचा. त्या दातावर त्यांचा जीव होता. तिला मात्र हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

"हा चुकलाय," नात म्हणाली.

"चुकला नाही. तो तसाच होता."

"नव्हता! आजीचे दात सरळ होते. झोपताना वाटीत काढून ठेवायची ना, मी बघितलेत."

पोरीचं खरं होतं. ते दात त्यांनीच केले होते. "अहो, माझा तिरका दात तसाच ठेवा हं," असं आजीने तेव्हा सांगितलं होतं. "आणि लोक काय म्हणतील? कवळ्या करणाऱ्याच्याच बायकोचा दात वाकडा?" ते म्हणाले होते. तिने पुन्हा विषय काढला नाही. पुढची अकरा वर्षं ती त्यांच्या दातांनी हसली.

"ही आजी नाहीये," नातीचे डोळे भरून आले.

आजोबांनी छोटा दिवा पेटवला, चिमट्याचं टोक तापवून मेण मऊ केलं आणि दात रांगेत आणला. अगदी तंतोतंत.

"आता झाली आजी!" म्हणत नात तो चेहरा दोन्ही हातांत धरून आईला दाखवायला पळाली.

आजोबांनी टेबल आवरायला घेतलं. मग थांबून डबीतले दोन दात उचलले आणि उरलेल्या मेणाच्या गोळ्यात बसवले. एक सरळ, दुसरा त्याच्यावर किंचित चढवून. दिवा विझवला आणि मेण गार होईपर्यंत तो दात बोटाने धरून ते बसून राहिले.