ढब्बूचा आवाज

अठरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढूनही तिला स्वतःहून एकदाही सुट्टी मागावीशी वाटली नव्हती. शेवटी दवाखान्यातल्या वरिष्ठांनीच तिला पंधरा दिवसांसाठी बाहेर काढलं. "डॉक्टर सोडून तू आणखी कुणी आहेस का, ते बघून ये," ते म्हणाले.

ती धाकट्या बहिणीकडे गेली. दारातच बहिणीने बजावलं, "इथे तू फक्त ताई. तपासायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत. कबूल?"

"कबूल," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात ढब्बू भुंकला. दोन महिन्यांपूर्वी भाचीने रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. भुंकणं कसलं, घोगरा, मध्येच तुटणारा आवाज. तिच्या हातातला चहा तसाच राहिला. खिडकीतून तिला दिसलं, ढब्बू पाण्याच्या भांड्यावर वाकून जीभ चालवतोय, पण पाणी आत जातच नाहीये. ते सगळं हनुवटीवरून खाली ओघळतंय.

तिच्या डोक्यात एक शब्द आला. तिने तो मागे ढकलला. सुट्टीवर आहेस बाई, घसा बसला असेल. तिने पडदा ओढून घेतला.

दुपारी बहिणीचा नवरा म्हणाला, "याच्या घशात हाड अडकलंय वाटतं," आणि ढब्बूचा जबडा उघडून त्याने दोन बोटं आत घातली. ती उठली. तोंड उघडलंही. पण बहीण तिच्याकडेच बघत होती, डोळे वटारून, थट्टेने.

"हात साबणाने धुवा हं," एवढंच ती म्हणाली.

"झाली हिची डॉक्टरकी सुरू!" बहीण म्हणाली आणि सगळे हसले. तीही हसली. जेवण मात्र तिला गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती परसात आली तेव्हा ढब्बूचा खालचा जबडा लोंबत होता आणि मागचे पाय लटपटत होते. भाचीने त्याला मांडीवर घेतलं होतं. आदल्या दिवशी सायकलवरून पडून तिचा तळहात खरचटला होता, आणि त्याच तळहाताने ती ढब्बूची लाळ पुसत होती.

"सोड त्याला! हात वर कर, कशालाच लावू नकोस!"

तिचा असला आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. भाची रडायला लागली. मावशीने तिचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं ती तळहात धूत राहिली. मेहुण्यालाही हात धुवायला लावले. मग जाड पोतं टाकून ढब्बूला न्हाणीघरात कोंडलं, आणि सगळ्यांना घेऊन इस्पितळ गाठलं.

बापलेकीला इंजेक्शनं सुरू झाली. बाहेर बाकावर बसल्यावर बहिणीने हळूच विचारलं, "तुला कालच कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं.

"शंका आली होती."

"आणि तू गप्प बसलीस."

"तूच म्हणाली होतीस..." ती अडखळली. वाक्य पुरं करायची तिला लाज वाटली.

ढब्बू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. त्याच्या मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, रेबीज. ते तिला आधीच ठाऊक होतं. इंजेक्शनं वेळेवर मिळाली आहेत, असं इस्पितळातले डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. बहीण मान हलवायची, पण ऐकत नव्हती.

ती दवाखान्यात परत रुजू झाली. महिन्याभराने भर कामात बहिणीचा फोन आला. "पोरीला ताप आहे. घसा दुखतोय म्हणते."

तिने एकामागून एक प्रश्न विचारले: तळहाताला मुंग्या येतात का? गिळता येतंय का? वाऱ्याने दचकते का? आवाज अगदी शांत होता. टेबलाची कड मात्र तिने घट्ट धरली होती.

साधी सर्दी निघाली. दोन दिवसांत भाची शाळेत जाऊ लागली. पण फोन थांबले नाहीत. आज डोकं दुखतंय, आज झोपेत दचकली, आज नीट जेवली नाही. नवी साडी, शेजारणीशी भांडण, नवऱ्याची चेष्टा, यातलं बहीण आता काहीच सांगत नाही. परवा तर फोन उचलल्यावर ती "ताई"सुद्धा म्हणाली नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "वेळ आहे का?"