पालखीआधी पोहोचलेला आवाज

शिप्रा वाणी या रेडिओ स्टेशनचं नाव बदलून झन्नाट एफएम झालं, तेव्हा सुलभाताईंना नावाचं फारसं वाईट वाटलं नाही. देवाला हजार नावं असतात, स्टेशनला दोन असली तर काय बिघडलं? वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी निघाली की ताई स्टुडिओत बसून, पालखी कुठवर आली ते सांगत. ज्यांना गर्दीत जाणं झेपत नाही अशा कितीतरी म्हाताऱ्या बायका गावभर रेडिओपाशी कान लावून बसत. पालखी रामघाटावर पोहोचली असं ताईंनी म्हटलं, की घरूनच हात जोडायचे आणि मग सोमवार सोडायचा, असा रिवाजच पडून गेला होता. ताईंच्या सासूबाई, अक्का, त्यांतल्याच.

नवा मॅनेजर श्रेयस इंदूरचा. मराठी मुलगा, स्वभावानं गोड.

"ताई, आता 'कम बातें, झन्नाट गाने'," तो म्हणाला. "सगळं इंदूरहून कॉम्प्युटरवर चालणार. पण तुमची सवारी मी भांडून ठेवलीय हं! फक्त सकाळी येऊन रेकॉर्ड करून जा. पालखीचं टाइमटेबल ठरलेलंच असतं ना?"

"देवाचं टाइमटेबल?"

"प्रशासनाचं," श्रेयस हसला.

ताईंना ते पटलं नाही. पण पोरगा आपल्यासाठी भांडलाय, त्याचं मन कसं मोडायचं? आपल्या मराठी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सकाळी जाऊन त्या बोलून आल्या: "पालकी रामघाट पहुँच गई है." पालखी तेव्हा देवळातून निघालीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी नानाखेड्याच्या घरी अक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मुगाची खिचडी झाकून ठेवली होती. रेडिओवर धडाधड गाणी चालली होती आणि अक्का म्हणत होत्या, "ह्या गाण्यांनी उपास सुटायचा नाही, माझे कान मात्र फुटायचे."

तेवढ्यात रामघाटावरून ताईंच्या पुतणीचा, केतकीचा, फोन आला.

"काकू, इथे पाय ठेवायला जागा नाही. पालखी पार मागे अडकलीय म्हणतात. तासभर तरी लागेल."

ताईंनी तिचा फोन ठेवला. त्यांनी श्रेयसला फोन लावला. "श्रेयसजी, माझं ते बोलणं काढा. पालखी आलेली नाही."

"ताई, ते लॉक झालंय, इथून बदलता येत नाही. थांबा, इंदूरला बोलतो."

तो बोलेस्तोवर गाणं संपलं, आणि ताईंचाच शांत, प्रसन्न आवाज खोलीत घुमला. पालकी रामघाट पहुँच गई है. अक्कांनी डोळे मिटून हात जोडले, कपाळाला लावले. "महाकाला, सांभाळ रे बाबा. सुलभा, ताट आण."

"अक्का, थांबा. ते खरं नाही."

"म्हणजे? तूच सांगतेस पोहोचली, तूच सांगतेस थांबा. मी कोणत्या सुलभाचं ऐकू?"

ताईंनी रेडिओकडे पाहिलं. अक्कांना थांबवता येईल; पण गावात आता किती जणींनी घास उचलला असेल? आपल्या शब्दावर विसंबून! जन्मभर व्रतं केली, आणि आज एवढ्या जणींची मोडायची?

फोन वाजला. "ताई, तुम्हाला फोनवरूनच लाइव्ह घेतो," श्रेयसला धाप लागली होती. "रेडिओ बारीक करा, नाहीतर घूं घूं होईल. वरचे ओरडतील, बघू. बोला."

ताईंनी पदर सावरला, जसं काही सगळं गाव समोर बसलंय.

"मैं सुलभा बोल रही हूँ. अभी आपने जो सुना, वह मैंने सुबह ही बोलकर रख दिया था. पालकी घाट पर नहीं आई है. जिन्होंने उपवास नहीं खोला, वे रुक जाएँ. और जिन्होंने खोल लिया, उनका दोष उन पर नहीं, मुझ पर."

मग त्यांनी फोन ठेवलाच नाही. केतकी अक्कांच्या फोनवर सांगत होती, ताई पुढे सांगत होत्या. पालखी घाटावर आली, शिप्रेच्या पाण्यानं पूजा झाली, तेव्हा ताई म्हणाल्या, "अब उपवास खोल लीजिए." तेवढा वेळ झन्नाट एफएमवर एकही गाणं लागलं नाही.

"श्रेयसजी, पुढच्या सोमवारी मी सकाळी येणार नाही," त्या म्हणाल्या. "पालखीबरोबर बोलायचं असेल तर बोलवा. नाहीतर राहू द्या."

"विचारतो ताई. हो म्हणतील असं नाही सांगू शकत."

"बरं."

अक्कांनी खिचडीचा पहिला घास घेतला. "आणि तुझं ताट?"

"मी उद्या सोडीन. दोष घेतलाय ना."

"सगळ्या गावाचा?" अक्का चावायच्या थांबल्या. "एवढा एकटीनं उचलायचा तर अंगात ताकद नको? जा, पेलाभर दूध घे आधी. मी सांगतेय."

ताई दूध तापवायला उठल्या.