खळीनं चिकटवलेलं पान

आरागात्स डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात सेद्राकच्या घराला मान होता, तो एका पुस्तकामुळे. कातडी पानांवर हातानं लिहिलेलं जुनं शुभवर्तमान. गावंच्या गावं कापली गेली त्या कत्तलीच्या साली मठ जळत असताना सेद्राकच्या आजोबांनी, तातोस यांनी, ते पाठीवर घालून इथवर आणलं, असं सगळं गाव सांगे. धर्मग्रंथ आपल्या भाषेत आणणाऱ्या भाषांतरकार संतांच्या सणाला लोक मेणबत्त्या घेऊन त्याच्या दारात येत, पुस्तकाला ओठ टेकवत आणि जाताना सेद्राकचाही हात धरत. यंदा तर गावानं देवळाच्या आवारात पुस्तक आणणाऱ्याच्या मानासाठी कोरीव क्रूसशिला उभी केली होती. त्याचं नाव तेवढं सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर कोरायचं होतं.

सणाच्या सकाळी सेद्राकनं मात्र पुस्तकाचं शेवटचं पान दोनदा चाचपून पाहिलं.

बापानं त्याला जुनी भाषा शिकायला धर्मशाळेत धाडलं होतं. दोन वर्षांत तो नापास होऊन परत आला, तेव्हा बाप वारलेला आणि गाव हसायला टपलेलं. आजोबांचं नाव तेवढं शिल्लक होतं. त्याच आठवड्यात त्यानं पुस्तकाचं शेवटचं पान अडखळत वाचलं, पिठाची खळ केली आणि पानाच्या कडा पुठ्ठ्याला चिकटवून टाकल्या. त्याला चाळीस वर्षं झाली.

देवळाच्या आवारात गर्दी जमली होती, पुस्तकही क्रूसशिलेपुढं आणून ठेवलं होतं. शेजारची म्हातारी शोघाकात नेहमीसारखी लवाशचं गाठोडं घेऊन आली, तशी सेद्राकची बायको म्हणाली, "आक्का, रोट्या ठेवा नि मागं सरका. पाहुण्यांना पुढं येऊ द्या."

शोघाकात मुकाट्यानं मागं सरकली. सेद्राकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोल रे बाबा!" पाथरवट मुकुच छिन्नी परजत ओरडला. "तातोसच ना? का आजोबाचं नाव विसरलास?"

लोक हसले.

"तुझी सुरी दे," सेद्राक म्हणाला.

सगळ्यांदेखत त्यानं पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडून पातं चिकटलेल्या पानाच्या कडेखाली सरकवलं. खळ सुकून ठिसूळ झाली होती, पान सुटलं. त्यानं वाचायला सुरुवात केली.

"मी तातोसनं फक्त घरात जागा दिली. पुस्तक आणलं ते नाझेनी या विधवेनं. पाठीवर पुस्तक, कडेवर लेक, बोटाला मुलगा. लेक वाटेत गेली, पण पुस्तक तिनं टाकलं नाही. वाचणाऱ्या, तिचं नाव घे."

नाझेनी म्हणजे शोघाकातची आजी. सेद्राकची मान वर होईना.

"आक्का, हे पान मी... मीच..."

"ठाऊक आहे मला," शोघाकात जवळ येऊन म्हणाली. "तुझ्या बापाला वाचता यायचं नाही, पण त्या पानावरचं सगळं तातोसनं त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तुझा बाप माझ्या आजीला म्हणायचा, 'पोराला धाडलंय ते ह्याच पानासाठी. आला की गावासमोर वाचेल.' आजी वाट बघत गेली. मग मी यायला लागले."

तिनं पानावर हात ठेवला.

"दर सणाला वाटायचं, यंदा वाचेल."