सोडलेला बेडूक

बायतोयला पळायची मनाई होती, म्हणून तिला बेडूक आणून दिले. माझी पाच वर्षांची पोर, हृदयात भोक घेऊन जन्मलेली. जिना चढली की ओठ जांभळे पडायचे. मांजराच्या केसांनी खोकला व्हायचा. बोटाच्या पेराएवढे, कायम पाण्यातच राहणारे हे आफ्रिकी बेडूक मात्र तिला पालथं पडून तासन्‌तास बघता यायचे. नावं तिनंच ठेवली, साबू आणि तिळी.

मी तिच्यावर ठेवायची तेवढीच नजर त्यांच्यावर ठेवायची. नळाचं पाणी क्लोरीन काढायचं औषध घालून मगच काचेच्या टाकीत. पाणी कोमट, झाकण घट्ट, साबणाचा हात लांब. हे बेडूक माशांसारखी झडप घालत नाहीत. चिमट्यानं लाल अळी नाकाशी धरावी लागते, मग एकदम जाग आल्यासारखे दोन्ही हातांनी तोंडात कोंबतात. त्यांना सोबत म्हणून तिसरा आणला, तोही थेट टाकीत सोडला नाही. न्हाणीघरात त्याचा टब वेगळा, जाळी वेगळी, चिमटा वेगळा.

"बेडकाला स्वतंत्र खोली!" सासूबाई म्हणाल्या. "मी या घरात आले तेव्हा मला आडोशाला पडदासुद्धा नव्हता."

"नवीन जनावर आजार आणतं, आई. दिसत नाही, पण कातडीवर असतो."

"मग माझ्याही कातडीवर असेल. मलाही बसव टबात."

बायतोय हसता हसता धापा टाकायला लागली आणि आम्ही दोघी एकदम तिच्याकडे धावलो.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी मी तिला बँकॉकला नेलं. टाकी सासूबाईंवर सोपवली. घरी नाखोन सावनला परतलो तेव्हा साबू नाक पाण्याबाहेर काढून काचेला टेकला होता, मागचे पाय काडीसारखे ताठ. तिळीच्या अंगावरून कातडीचे पांढरे पापुद्रे सुटत होते. अळी नाकाशी धरली. तिनं तोंड फिरवलं नाही आणि उघडलंही नाही.

मग झाकणाखाली, फिल्टरच्या नळीवर, एक तपकिरी बेडूक दिसला. भातशेतातला, लहानसा. त्याचा मागचा एक पाय अर्धाच होता.

"आई, हा कुठून आला?"

सासूबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "तो होय? पौर्णिमेला विहाराच्या घाटावर बायतोयच्या नावानं बेडूक सोडले. वयाहून एक जास्त, सोडतात तसे. बाकीचे टुणटुण गेले. याचा पाय त्या बेडूक विकणाऱ्या बाईच्या दोरीनं कापलेला. घाटाखाली मरळ मासा टपून असतो गं. नातीच्या आयुष्यासाठी सोडायचा आणि डोळ्यांदेखत गिळू द्यायचा?"

"म्हणून या टाकीत?"

"तूच म्हणतेस ना, या टाकीइतकं स्वच्छ पाणी घरात कुठं नाही."

"न्हाणीघरात टब होता."

"तो तुझ्या पाहुण्याचा. त्याला हात लावू नका, असं सांगून गेलीस."



औषध आणलं, पाणी बदललं, दोघांना वेगळं केलं. तिळी आधी गेली, मग साबू. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी असते; ती कातडी जाड करते, क्षार शरीरात जाईनासे होतात आणि शेवटी हृदय थांबतं, असं वाचलं. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. बायतोयनं रिकाम्या टाकीला नाक लावून विचारलं, "साबूचं पण ऑपरेशन करायचं होतं का?"

उरला तो तपकिरी. त्याला नदीत सोडणं म्हणजे आजार नदीत सोडणं. नव्या बेडकाजवळ ठेवणं शक्यच नव्हतं. बरोबर काय ते मला माहीत होतं: पाण्यात लवंगेचं तेल, आधी गुंगी, मग संपलं. जीवशास्त्र शिकले आहे मी. कॉलेजात याहून वाईट केलं आहे. बाटली घेऊन न्हाणीघरात गेले. सासूबाई दारात आल्या, उंबऱ्याच्या आत मात्र आल्या नाहीत.

"तिच्या नावानं सोडलाय तो."

"सोडलाय कुठं? इथंच तर आहे."

"सोडलाय," त्या म्हणाल्या. "त्याला मारशील, आणि परवा तिला टेबलावर झोपवशील?"

मला राग आला. चार वाक्यं तोंडात तयारही होती. पण बाटलीचं बूच माझ्या हातात तसंच राहिलं. शेवटी एक प्लास्टिकची बादली घेतली, तळाशी वीट तिरपी ठेवली, बोटभर पाणी घातलं आणि त्याला विटेवर बसवलं. नाकतोडा दिला. त्यानं खाल्ला नाही. निघायच्या दिवशी पहाटे मी बादलीवर टकटक केली. तो हलला, तेव्हा कुठं माझा श्वास सुटला. आणि मग माझीच मला भीती वाटली.

बायतोयला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि दार लागलं. बाकावर बसले आणि मी फोन लावला, घरी.

"नेलं का गं आत?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्ताच. आई, त्यानं खाल्लं का?"

मागे नळ वाहत होता. प्लास्टिकवर ब्रश घासल्याचा खरखर आवाज येत होता. तो थांबला.

"खाल्लं की. अख्खा नाकतोडा, टांगांसकट."

सासूबाई फोनवर नेहमी ओरडून बोलतात. आज हळू बोलत होत्या. बायतोयला ताप किती, ओठ कसे, सगळं मी व्हिडिओवर बघितल्याशिवाय मानत नाही, हे त्यांना माहीत आहे. मी व्हिडिओ लावा म्हणाले नाही.

"उद्या पण द्या," मी म्हटलं.

"देते की, पोरी," त्या म्हणाल्या. "देते."