लाल बासन

दुर्गाबाईंनी वायरीचं वेटोळं केलं, पोथीच्या लाल बासनात सरकवलं आणि वर पहिल्यासारखीच दुहेरी गाठ मारली. देवळातलं कपाट लावून किल्ली कनवटीला खोचली. सप्ताहाची ही थोरली पोथी वर्षातून सातच दिवस सुटायची आणि ती सोडायचा मान तेवीस वर्षं त्यांचा होता. इथं दुसरं कुणी हात घालणार नव्हतं.

वायर जयमालेची होती. जयमाला बीडकडची, लेक निरंजन चाकणला कंपनीत लागला तशी ती गावात आली, त्याला नऊ वर्षं झाली. रोज दुपारी सभामंडपात दुर्गाबाई घरच्या पोथीतून वाचायच्या आणि जयमाला खांबाला टेकून ऐकायची. आणखी चार-सहा बाया असायच्या, पण दुर्गाबाई वाचायच्या ते हिच्यासाठी. हिची मान डोलली की ती ओवी त्या पुन्हा म्हणायच्या.

महिन्यापूर्वी निरंजननं आईला पुस्तकं वाचायचं यंत्र आणून दिलं. पातळ, करडं, वहीच्या पानाएवढं.

"मोबाइलच की ह्यो," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या.

"नाही अक्का. ह्यात फोन नाही, पिक्चर नाही, नुसती पुस्तकं. उन्हात धरलं तरी चमकत नाही. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करा. आन् वजन बघा की! तुमची थोरली पोथी उचलायची तर दोघी लागतात."

"खुणेचं तुळशीचं पान कुठं ठेवायचं ह्यात?"

"कुठवर आलो ते त्याचं त्यालाच ध्यानात राहतंय."

"आमच्या सासूबाईंनी पोथीच्या समासात पोरांच्या जन्मतिथी लिवल्यात. हे जपंल का? पानाला वास न्हाई, पान उलटल्याचा आवाज न्हाई. हातातनं पडलं तर संपलं. आन् चार्जिंग उतरलं की देव बी उतरला म्हणायचा."

जयमाला हसली होती. पण त्या दिवसापासून ती दुपारची येईनाशी झाली. घराच्या ओट्यावर एकटीच बसायची, डोळ्यांशी यंत्र, बोटानं पानं सरकवत. दुर्गाबाईंना खांबाकडं बघून वाचावं लागे. शेजारची कस्तुरा सगळ्यांदेखत म्हणालीसुद्धा, "जयमालाबाई आता सोताच वाचायला लागल्या. औंदा सप्त्यात त्यास्नीच बसवावं का?"

बाया हसल्या. दुर्गाबाईंनी पोथी मिटली.

दुसऱ्याच दिवशी दर्शनाला आलेली जयमाला पिशवी देवळात विसरून गेली. दुर्गाबाईंनी ती घरपोच केली. तेवढी आतली यंत्राच्या चार्जिंगची वायर काढून घेतली. घरातल्या कुठल्याच मोबाइलची पिन यंत्राला बसत नाही, हे जयमालेनंच सांगितलेलं. त्यांचा स्वतःचा मोबाइल संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. दोन दिवस, फार तर तीन. मग येईल खांबापाशी. आली की वायर देऊन टाकू.

चौथ्या दिवशी त्या मुद्दाम जयमालेच्या ओट्यापुढून गेल्या. यंत्र चालू होतं. आठव्या दिवशीही.

"वायर सापडंना म्हणं तुजी?"

"नाही ना अक्का. पण एकदा भरलं की महिनाभर जातंय."

हा गुण तिनं आधी सांगितला नव्हता.

एकादशीच्या कीर्तनाला दुर्गाबाईंनी सवयीनं शेजारी जागा धरली. ती रिकामीच राहिली. बुवा मत्सरावर फार गोड बोलले. त्या रिकाम्या जागेकडं बघून दुर्गाबाईंनी सबंध वेळ मान डोलावली.

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी आंघोळ करून त्या किल्ली घ्यायला गेल्या, तर देव्हाऱ्यापाशी काढून ठेवलेली किल्ली तिथं नव्हती.

"मुरारी गुरव घेऊन गेले," सून म्हणाली. "पोथीला हार घालायचाय म्हणाले."

दुर्गाबाई चपला न घालताच निघाल्या.

बासन घडवंचीवर ठेवलेलं होतं, वर झेंडूचा हार. बाया बसल्या होत्या. जयमाला खांबापाशी नव्हती. घडवंचीला लागून बसली होती, मांडीवर यंत्र.

"घे, बस माज्या जागंवर," दुर्गाबाई दातांतून म्हणाल्या.

जयमालेनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि कानाशी वाकली.

"गेल्या सप्त्यात तुम्ही दोन पानं एकदम उलटली, अक्का. पाठ होतं म्हणून मधलं म्हणून गेलात, पण बोट भलत्याच ओळीवर होतं. मी कुणाला बोलले नाही. निरंजनला म्हटलं, अक्षर हरभऱ्याएवढं दिसंल असलं काहीतरी आण. तुम्हाला शिकवायचं तर आधी मला यायला पाहिजे. महिन्याच्या वर गेला त्यात. ह्यात हीच पोथी आहे. आता हे पोथीच्या आडोशाला ठेवते. कुणाला दिसायचं नाही."

दुर्गाबाईंनी दोन्ही हात बासनावर ठेवले.

"सोडा बासन. बुक्का लावल्याबिगर वाचन कसं सुरू करायचं?"

स्वतः मारलेली गाठ दुर्गाबाईंच्या बोटांना सुटेना. शेवटी जयमालेनंच ती सोडली. कापडाची घडी उलगडली आणि पोथीवर काळ्या वायरीचं वेटोळं दिसलं.

जयमालेचा हात थांबला.

"अगं बया," कस्तुरा मागून वाकली, "ही कशाची वायर?"

"माझी," जयमाला म्हणाली. "मीच अक्कांकडं जपायला दिली होती."

तिनं चिमूटभर बुक्का घेतला. पोथीला लावला, यंत्राच्या कडेला लावला आणि मग दुर्गाबाईंच्या कपाळाला. लावताना अंगठा जरा जास्तच जोरानं दाबला.

"वाचा आता," ती म्हणाली. "सातही दिवस पुरंल."