हत्तीच्या पोटाखालचं नाव

चिउलान चिकट तांदूळ वाटत होती. सण नव्हता.

डोंगरातल्या रस्त्यावर माणसं पाणी ओतत होती. पाणी गोठलं की त्यावरून खाणीतला दगड सरकतो.

म्हातारा पाओशान खोकला, थुंकला, थुंकीचा रंग पाहिला आणि पायाने त्यावर माती लोटली.

सम्राटाच्या थडग्याकडे जाणाऱ्या वाटेवर चोवीस दगडी जनावरं. प्रत्येकाच्या पोटाखाली घडवणाऱ्याचं नाव. काम बिघडलं तर मान कुणाची उडवायची, ते शोधावं लागू नये म्हणून.

त्यातल्या हत्तीच्या मागच्या पायाला केसाएवढी भेग.

"कुणी पाहिली?" पाओशानने विचारलं.

"मीच. सकाळी." त्याचा मुलगा देशुन हत्तीकडे न बघता म्हणाला. दोन वर्षं तो हा हत्ती घडवत होता. "तपासनीस उद्या येतोय."

चिउलानने वाटण चुन्यात आणि दगडाच्या भुकटीत कालवलं, अंगठ्याने भेगेत दाबलं.

"मामंजी, तुमच्या लेकाला हत्ती जमला. पाय तेवढा राहिला."

"नाव कोरलंयस?"

"नाही अजून."

"मग माझं कोर."

"बाबा..."

"बाबा बाबा काय करतोस? छातीत निम्मी खाण भरलीय माझ्या. मान कापून त्यांना मिळणार काय? चार महिने!"

देशुनने टाकी उचलली आणि हत्तीखाली शिरला. चिउलान त्याच्याकडे बघत राहिली. हातावरचा चुना वाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनिसाचा हात त्या पायावरून फिरला, थांबला नाही. मग त्याने वाकून नाव वाचलं.

"मियाओ पाओशान कोण?"

"मी, सरकार."

"चोवीसांत तुझं काम उजवं. थडग्याचं शेवटचं दार तू बसवायचंस."

ते दार आतून बसतं. बसवणारा बाहेर येत नाही, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं.  पाओशान सुनेकडे झुकला.

"भेग दिसलीच नाही मेल्याला. झकास वाटलंस हो."

देशुनने बापाची हत्यारं पुसली, एकेक करून, आणि फडक्यात बांधून दिली.

ज्याचं काम सगळ्यांत उजवं त्याला आत पाठवायचं, हा हुकूम मुख्य पाथरवटांना खाणीवर बोलावून वाचून दाखवला होता, भेग सापडायच्या चार दिवस आधी. पाओशानच्या घरातून एकटा देशुन गेला होता.